पाहुण्याची पिन, आपलं अर्थिंग

गोव्यात मांद्र्याला आमच्या जुन्या घराच्या मागच्या बाजूला तीन खोल्या आहेत. नोव्हेंबर ते मार्च आम्ही त्या पर्यटकांना देतो. दोन वर्षांमागे एक जर्मन पाहुणा सकाळी पडवीत लॅपटॉप घेऊन बसला होता. पाय अनवाणी, लादी नुकतीच पुसलेली. मी चहा घेऊन गेलो तर हसत म्हणाला, तुमच्याकडे आल्यापासून माझा लॅपटॉप चावतो. मी हात लावून पाहिला. धातूच्या झाकणावरून बोट फिरवलं की मुंग्या आल्यासारखी चुणचुण. चप्पल घालून हात लावला तर काही नाही. त्याला वाटलं आपला लॅपटॉप बिघडला, मला वाटलं याचा चार्जर फुटका. चुकलो दोघंही, पण त्याच्यापेक्षा मी जास्त.

संध्याकाळी वायरमनला बोलावलं. त्यानं आधी पाहुण्याचा प्लग उलटसुलट करून पाहिला. जर्मन प्लगला दोन जाड गोल पिना असतात. अर्थसाठी, म्हणजे झिरपलेली वीज जमिनीत सोडण्यासाठी, तिसरी पिन नसते. त्याऐवजी प्लगच्या कडेला पत्र्याच्या दोन पट्ट्या असतात, आणि त्यांच्या सॉकेटमधल्या क्लिपा त्या पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी धरतात. आपल्या सॉकेटमध्ये अशा क्लिपाच नाहीत. पिना आत गेल्या, वीज आली, चार्जिंग सुरू झालं आणि अर्थ मात्र हवेत लोंबकळत राहिला. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून लॅपटॉपच्या अंगावर नेहमीच अगदी थोडी वीज झिरपते. अर्थची वाट असेल तर ती तिकडून निघून जाते. वाट नसेल तर पुसलेल्या लादीवर अनवाणी बसलेला माणूस ती वाट होतो.

इथवर दोष कोणाचाच नव्हता. पण वायरमन जुना आणि संशयी. म्हणाला, बोर्ड उघडतो. बोर्डात अर्थची हिरवी वायर होती. ती वर माळ्यावरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत जात होती आणि तिथे संपत होती. कापून, टोकाला टेप गुंडाळून, नीट वळवून ठेवलेली. घर बांधलं तेव्हा वायरिंगचे पूर्ण पैसे मोजले होते. त्या दिवसापर्यंत आमच्या तिन्ही खोल्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं.

परदेश प्रवास आणि वीज हा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं एकाच वाक्यात आटोपतं, 'अडॅप्टर घेतलास ना?' गोव्यात तर हे वाक्य घरोघरी आहे. कोणाचा भाऊ बोटीवर, कोणाची वहिनी कुवेतला, कोणाचा पुतण्या पोर्तुगीज पासपोर्टवर आधी लिस्बनला आणि तिथून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेला. उलट दिशेनं रशियन, ब्रिटिश, जर्मन आपल्याकडे येतात. म्हणजे गोवा या व्यवहारात दोन्ही टोकांना उभा आहे. आणि तरी सगळी जबाबदारी आपण बॅगेतल्या दोनशे ग्रॅम प्लास्टिकवर टाकून मोकळे होतो. मला वाटतं, पाहुण्याच्या बाबतीत तरी ही जबाबदारी त्याच्या बॅगेपेक्षा आपल्या भिंतीची आहे. आणि ती निभावायची म्हणून हल्ली हॉटेलांत आणि होमस्टेत सगळे प्लग घेणारा जो 'युनिव्हर्सल सॉकेट' बसवला जातो, तो निभावणं तर सोडाच, असलेली सुरक्षितताही घालवतो.

आधी ही भोकं वेगवेगळी का, ते थोडक्यात. भारतातल्या तीन गोल पिना मूळच्या ब्रिटिश. त्यांच्या बीएस ५४६ या जुन्या मानकातल्या. युद्धानंतर ब्रिटननं घरांचं वायरिंग नव्या पद्धतीनं करायचं ठरवलं, त्यात तांबं वाचत होतं, आणि १९४७ साली चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला १३ अँपियरचा प्लग आणला. म्हणजे ज्या साली ते इथून गेले त्याच साली त्यांनी आपला गोल पिनांचा प्लग मोडीत काढायला घेतला, आणि आपण तो अजून सांभाळतो आहोत. आज तो आयएस १२९३ या भारतीय मानकात आहे. लहान सहा अँपियरचा, मोठा सोळाचा, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो. आखातात बहुतेक ठिकाणी ब्रिटनचा नवा चौकोनी प्लग गेला. पोर्तुगालात जर्मन पद्धतीचा. चारशे एक्कावन्न वर्षं पोर्तुगीज राहिले त्या गोव्यात लिस्बनचा प्लग नीट बसत नाही, आणि गोव्याचा मोठा पॉवर पॉइंट थेट दक्षिण आफ्रिकेतल्या जुन्या सॉकेटशी जुळतो, कारण तेही त्याच ब्रिटिश मानकाचं नातवंड. जगाला एकच प्लग असावा म्हणून १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानकही निघालं. ते मनावर घेतलं ब्राझीलनं आणि दक्षिण आफ्रिकेनं. बाकीच्यांनी भिंती फोडायला नकार दिला, आणि त्यात त्यांचं फार चुकलं असं मला वाटत नाही.

आकार ही एक बाब झाली. व्होल्टेज ही अगदी वेगळी बाब आहे आणि घोटाळा होतो तो इथे. मोबाइल किंवा लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. असा चार्जर आलेल्या विजेचं आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, करतो, मग ती फार वेगानं तोडून हवी तेवढी देतो. त्यामुळे तो जपानच्या १०० व्होल्टवर चालतो, अमेरिकेच्या १२० वर चालतो, आपल्या २३० वरही चालतो. त्याला हवा असतो फक्त आकार बदलणारा अडॅप्टर. पण इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, पाणी तापवायची किटली, मिक्सर यांच्या पोटात असं काही नसतं. त्यांच्यावर एकच आकडा लिहिलेला असतो आणि त्यांना तोच हवा असतो.

आमच्याकडे चवथीला हे प्रात्यक्षिक झालं. अमेरिकेतून आलेल्या मावसभावानं माटोळीभोवती, म्हणजे गणपतीवरच्या फळाफुलांच्या छताभोवती, सोडायला दिव्यांची माळ आणली होती, बारीक बल्बांची, दिसायला फार सुंदर. पिना चपट्या म्हणून त्यानं विमानतळावर घेतलेला अडॅप्टर लावला. अडॅप्टरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'वर्ल्डवाइड कन्व्हर्टर' असं लिहिलेलं. बटण दाबताच माळ क्षणभर लखलखली, इतकी की सगळे 'अरे वा' म्हणाले, आणि गेली. १२० व्होल्टच्या माळेला २३० व्होल्ट मिळाले. खोक्यावर कन्व्हर्टर लिहिलं होतं तरी आत काही बदलत नव्हतं. तांब्याच्या चार पट्ट्या, एवढाच त्याचा संसार. माळ गेली त्याचं दुःख नाही. तिच्या जागी केस वाळवायचं यंत्र असतं तर?

हिशेब सोपा आहे. तापणाऱ्या वस्तूची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० वरून २३० म्हणजे व्होल्टेज दुपटीहून थोडं कमी, पण शक्ती साडेतीन पटीहून जास्त. अमेरिकेतलं १८०० वॅटचं केस वाळवायचं यंत्र इथे पहिल्या क्षणी सहा हजार वॅटच्या वर ओढू पाहतं. उलट दिशेला तेवढीच गंमत. आपली हजार वॅटची इस्त्री अमेरिकेत पावणेतीनशे वॅटची होते आणि शर्टावरून गार दगड फिरवल्यासारखी फिरते. मिक्सरचं तर विचारूच नका. नारळाचं वाटण हातचं हवं म्हणून न्यू जर्सीला मिक्सर नेणाऱ्या काकू मला माहीत आहेत. ब्रिटनला नेला असता तर नुसत्या अडॅप्टरवर चालला असता, तिथली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत त्यासाठी ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि साडेसातशे वॅटचा मिक्सर सुरू होताना जो दणका घेतो तो सोसायला तो दुप्पट ताकदीचा घ्यावा लागतो. लोखंड आणि तांब्याचं ते धूड उचलताना पाटा-वरवंटा हलका वाटावा.

आता युनिव्हर्सल सॉकेटकडे येतो. गोल, चपट्या, तिरक्या, चौकोनी, सगळ्या पिना घेणारा, चेहऱ्यासारखा दिसणारा तो सॉकेट. पाहुणे खूश होतात, यजमानाला अडॅप्टर ठेवावे लागत नाहीत, सुतारकाम एकदाच. मीही दोन बसवले होते. पण जरा त्याच्या आत डोकावून बघा. अमेरिकन पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही ही अडचण वाटते, पण ती अडचण म्हणजे एक कुलूप आहे. तुझी वस्तू १२० ची, इथे २३० आहे, थांब, असं ते कुलूप न बोलता सांगतं. युनिव्हर्सल सॉकेट ते कुलूप काढून दार सताड उघडं ठेवतो. चपटी पिन सुखानं आत जाते आणि पुढचं काम वीज करते.

दुसरं म्हणजे पकड. युरोपातल्या बारक्या प्लगच्या पिना ४ मिलीमीटर जाड, जर्मन प्लगच्या ४.८, आपल्या सहा अँपियरच्या ५.१. चपट्या पिनांची तर गोष्टच निराळी. हे सगळं धरायचं तर आतली पत्री सैल ठेवावी लागते. सैल पत्री पिनेला पूर्ण कवटाळत नाही, एखाद्या रेषेवर टेकते. तिथे रोध वाढतो, उष्णता वाढते, पत्रीची ताकद आणखी जाते. आमच्या किनाऱ्यावर खारी हवा तिला गंजवते ते वेगळंच. मी काढलेल्या दोन सॉकेटपैकी एकाचं प्लास्टिक आतून पिवळं पडून तडकलं होतं, आणि त्यावर तीन वर्षांत कोणी फोन चार्ज करण्यापलीकडे काही लावल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि तिसरं, अर्थिंग. जर्मन, डच, रशियन, पोर्तुगीज पाहुण्यांचा प्लग या सॉकेटमध्येही अर्थविनाच बसतो, कारण कडेच्या क्लिपा तिथेही नाहीत. म्हणजे ज्या पाहुण्यांसाठी हा खटाटोप केला त्यांतल्या बऱ्याच जणांना तो मुख्य गोष्ट देतच नाही. खरं तर जर्मन प्लग आपल्या साध्या सहा अँपियरच्या सॉकेटमध्येही थोडं दाबलं की जातो, आणि तिथेही धोका तोच. तो प्लग त्याच्या देशात सोळा अँपियरचा आहे. दोन हजार वॅटचं केस वाळवायचं यंत्र २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपियर घेतं. सहा अँपियरच्या सॉकेटमध्ये पावणेनऊ, अर्थिंग नाही, आणि मागे एमसीबी, म्हणजे वीज जास्त ओढली की आपोआप पडणारं बटण, दहा अँपियरचं असेल तर ते पडणारही नाही. व्होल्टेज जुळलं, आकारही जुळल्यासारखा झाला, आणि तरीही हे असं.

यावर आमच्या शेजारच्या होमस्टेवाल्याचं उत्तर ठरलेलं आहे. प्रवास करणाऱ्यानं आपली वस्तू बघून आणावी, आपण काय त्यांच्या बॅगा तपासायच्या? यात तथ्य आहे. बोटीवरचा आपला तारवटी, म्हणजे खलाशीही, हे शिकतोच. क्रूझवर केबिनमध्ये इस्त्री-किटली चालत नाही, विजेचा उसळलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर असलेलं एक्स्टेन्शन तर चढतानाच काढून घेतात, कारण जहाजाची वीजव्यवस्था जमिनीवरच्या घरासारखी अर्थला बांधलेली नसते. तिथे कोणी 'प्रवाशाचं तो बघेल' म्हणत नाही. जहाजाला आग परवडत नाही म्हणून जहाज नियम करतं. माझं म्हणणं एवढंच, की कौलारू घरालाही ती परवडत नाही.

पण बॅगा तपासायला मी सांगतच नाही. आधी आपला अर्थिंगचा खड्डा तपासा.

आमची हिरवी वायर जोडून झाल्यावर वायरमननं शंभर वॅटचा बल्ब फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, आणि अर्थ यांच्यामध्ये धरला. न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर, झगझगीत पेटणारा बल्ब अर्थवर मिणमिणला. उन्हाळा होता. अर्थिंगचा खड्डा घरामागे, जांभ्या दगडात. गोव्याची जमीन म्हणजे बहुतेक हा चिरा. पावसात तो स्पंजासारखा भिजतो आणि उन्हाळ्यात खडखडीत वाळतो, आणि वाळला की वीज वाहून न्यायला फारसा उपयोगी राहत नाही. म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरतात आणि वरून पाणी घालायला पाइप ठेवतात. आमचा पाइप फुलांच्या कुंडीखाली गेला होता. आता समजा अर्थचा रोध ५० ओहम आहे आणि गिझरची कॉइल फुटून त्याच्या पत्र्यावर फेज आला. २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपियरच्या आसपास वीज अर्थमधून जाईल. सोळा अँपियरचा एमसीबी तिकडे ढुंकूनही बघणार नाही. पत्रा जिवंत राहील आणि पाहुणा आंघोळीला जाईल.

यावरचा उपाय जुनाच आहे, आरसीसीबी. जाणारी आणि परत येणारी वीज तो तोलतो, आणि फरक ३० मिलिअँपियरवर गेला की पुरवठा तोडतो. ५० ओहमचा वाळका खड्डाही त्याला पुरतो. खरं तर आमच्यासारख्या जांभ्यावरच्या घरांत त्याच्यावाचून तिसरी पिन अर्धवटच काम करते. आपण मात्र फॉल्स सीलिंगवर खर्च करतो, कारण ते फोटोत दिसतं.

म्हणून माझी मागणी नव्या परवान्याची नाही. परवान्यांनी आधीच जीव नकोसा केलाय, आणि दरेक नव्या कागदामागे एक पसरलेला हात येतो हे मलाही ठाऊक आहे. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्यांची नोंदणी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली आजही होते. त्याच कागदांत परवानाधारक विद्युत ठेकेदाराची एक चिठ्ठी असावी, अर्थचा रोध इतका मोजला, तोही उन्हाळ्यात, आणि आरसीसीबीचं बटण दाबून पाहिलं. खोलीत सहाचे आणि सोळाचे आपले मानकातले सॉकेट असावेत, त्यांच्या शेजारी एक-दोन युएसबी-सीचे. फोन, टॅब्लेट आणि बहुतेक नवे लॅपटॉप त्यावर भागतात. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून फोनसारख्या वस्तूंना हेच एक तोंड सक्तीचं केलं आहे, आणि आपल्या मानक संस्थेनंही त्याचं मानक जाहीर केलं आहे. म्हणजे पाहुण्याच्या दहांतल्या आठ गरजांसाठी अडॅप्टरच नको. उरलेल्या दोन गरजांसाठी काउंटरवर एक डबा. त्यात जर्मन प्लगच्या कडेच्या पट्ट्यांनाही अर्थ देणारे चांगले अडॅप्टर, आणि ब्रिटिशांसाठी दुसरे. केस वाळवायचं यंत्र घराचंच ठेवा, इथल्या व्होल्टेजचं. त्याची किंमत एका रात्रीच्या भाड्याहून कमीच असते.

आणि दुकानांनी? ज्या वस्तूत व्होल्टेज बदलत नाही तिच्या खोक्यावर 'कन्व्हर्टर' छापायला बंदी असावी. 'हा विजेचा दाब बदलत नाही' हे वाक्य मराठीत, कोकणीत, हिंदीत, डोळ्यांना दिसेल इतक्या आकारात. चवथीच्या त्या माळेच्या वेळी आमचा मावसभाऊ काही अडाणी नव्हता, इंजिनिअर आहे. छापलेल्या शब्दावर त्यानं विश्वास ठेवला इतकंच.

शेजाऱ्याला हे सगळं पटत नाही. त्याच्या खोल्यांत अजून ते चेहऱ्यासारखे सॉकेट आहेत आणि पाहुणे त्याला तारे जास्त देतात, एकानं तर 'सगळे प्लग चालतात' म्हणून खास कौतुक लिहिलंय. तो मला ते वाचून दाखवतो. त्याच्या मुख्य बोर्डात आरसीसीबी आहे का, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणाला, वायरमनला विचारून सांगतो.

आमच्याकडे एप्रिल उजाडला की मी एक दिवसाआड अर्थिंगच्या पाइपात दोन बादल्या पाणी ओततो. बायको म्हणते, त्याच दिवसांत नळाला पाणी कमी येतं आणि तू ते दगडात घालतोस. यंदापासून कपडे धुतलेलं पाणी घालायचं ठरलं आहे.